ड्यूटीवरचे मटार

आमच्या मजल्यावरच्या सिस्टर घराबाहेर पडताना कोट काढायच्या आणि घरात शिरताना चढवायच्या. जाड, काळपट तपकिरी, पुरुषी मापाचा लोकरी कोट. अकराव्या मजल्यावर लिफ्टमधून उतरल्या की दारापाशी पिशवी खाली ठेवायची, हातावरचा कोट अंगात घालायचा, गळ्यापर्यंत बटणं लावायची, आणि मगच किल्ली फिरवायची. बाहेर शारजात बत्तीस डिग्री. नवा भाडेकरू ते बघून थबकला की त्या म्हणायच्या, "घरी चाललेय," आणि आत शिरून दार लावून घ्यायच्या.

लोक मला सांगतात, त्या बाईंचे तुझ्यावर उपकार आहेत. आहेत. पण माझं त्यांच्याशी भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की मी गोडगोड लिहिलं.

मी जुन्या ऑफिस फर्निचरचा धंदा करतो. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये कंपन्या उघडतात तशा बंदही होतात. बंद झाली की टेबलं, खुर्च्या, कपाटं मी उचलतो आणि शारजाच्या गोडाऊनमधून विकतो. इथं आलो तेव्हा सुताराच्या हाताखाली होतो, फळ्या पॉलिश करत होतो. शाळा दहावीपर्यंत. त्यापुढचं सगळं शिक्षण घासाघिशीचं. समोरचा माणूस घड्याळाकडे किती वेळा बघतो यावरून मी भाव सांगतो. रागही लवकर येतो, तो मी लपवत नाही. धंद्यात त्याचा फायदा होतो.

शारजाच्या अल मजाजमधलं हे घर मी असंच घासून मिळवलं. चिलर फ्री. म्हणजे सगळ्या टॉवरला एकच थंड हवेचं यंत्र, आणि त्याचं बिल मालकाचं. वर्षाला सहा हजार दिरहम वाचले, म्हणजे आपले सव्वा लाखाच्या जवळ, हे मी बायकोला लिफ्टमध्येच मोठ्यानं सांगितलं. त्या वेळी लिफ्टमध्ये हातावर कोट घेतलेल्या एक साठीच्या बाई उभ्या होत्या. त्या मराठी असतील असं मला वाटलं नव्हतं. उतरताना त्या म्हणाल्या, "शेठ, फुकटची थंडी बंद करता येत नाही बरं का."

तेव्हापासून मी त्यांचा 'शेठ'. चेष्टेनं म्हणायच्या, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

खरंच बंद करता येत नव्हती. चार घरांना मिळून एकच थर्मोस्टॅट, तोही कॉरिडॉरच्या भिंतीवर, माझ्या आणि सिस्टरच्या दाराच्या मधोमध, भोकं पाडलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कुलूपबंद. उन्हाळ्यात कोणाची तक्रार नव्हती. ऑक्टोबर संपत आला की मात्र बाहेरची हवा रोज एक वेगळं सोंग घ्यायची. सकाळी इतकं धुकं की खालिद लगूनच्या पलीकडचे टॉवर दिसायचे नाहीत, दुपारी चटके, संध्याकाळी गार वारा, मधेच एक दिवस धूळ, एक दिवस पाऊस आणि मग गुडघाभर पाण्यातून गाड्या ढकलायच्या. घरातली हवा मात्र ठाम. अठरा, एकोणीस डिग्री. फरशीवर पाय टेकवत नव्हता. लोक गरम व्हायला बाल्कनीत जायचे.

सिस्टरांचा ऋतू कॅलेंडरवर ठरत नसे, नळावर ठरत असे. इथं उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार पाण्याचा नळ पोळतो. म्हणून गीझर बंद ठेवायचा आणि त्याच्या टाकीत निवलेलं पाणी गरम पाण्याच्या नळातून घ्यायचं. सगळा कारभार उलटा. मग शरदात एक दिवस असा येतो की गार नळातून खरंच गार पाणी येतं. त्या दिवशी सिस्टर चारही दारं वाजवायच्या. "नळ फिरले. गीझर चालू करा." त्या आधी कोणी केला तर वीज फुकट, नंतर केला तर सर्दी. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला गरम पाणी कुठल्या नळाचं घ्यायचं हेही त्यांनाच विचारावं लागायचं.

तीस वर्षं त्या एका इस्पितळात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात होत्या. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणायच्या, "नाइट ड्यूटी होती." दुपारचा चहा त्या घरात पीत नसत. आग लागली तर उतरायचा जो जिना असतो, तिथं यंत्राची हवा पोचत नाही आणि पश्चिमेची भिंत दिवसभर तापते. त्या जिन्याच्या चौथऱ्यावर एक खुर्ची टाकून, कोट काढून मांडीवर ठेवून, त्या चहा प्यायच्या. बांगलादेशी वॉचमन नियमाप्रमाणे रोज हटकायचा, "सिस्टर, इधर बैठना मना है." त्या रोज त्याला बिस्कीट द्यायच्या. त्यालाही खोकला होता, तोही पाच मिनिटं भिंतीला पाठ लावून उभा राहायचा.

आमची मुलगी ऑक्टोबरच्या मध्यावर झाली, दिवस भरायच्या आधी. एक किलो नऊशे. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, तब्येत ठीक आहे, फक्त थंडी लागू देऊ नका, अशी मुलं थंडीत दूध सोडतात आणि वजन उतरतं. मी मान हलवली. वाळवंटात राहतो, थंडीचं काय सांगतात, असं मनात म्हटलं. मग दार उघडून आत आलो आणि अठरा डिग्रीनं आम्हाला मिठी मारली.

मी लढाई सुरू केली. हवेच्या जाळीवर पुठ्ठा ठोकला. दुसऱ्या दिवशी छतातून पाणी टपकायला लागलं. मॅनेजरच्या ऑफिसात गेलो. तो स्वतः गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता. म्हणाला, "शेठजी, कूलिंग तीस नवंबर तक है. एक दिसंबर को बंद होगा." मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. त्यानं शिंकत शिंकत तेच वाक्य परत सांगितलं. ज्याला विकायचंच नाही त्याच्याशी घासाघीस कशी करणार?

मग मी गोडाऊनमधून हीटर आणले. बंद पडलेल्या ऑफिसांतून टेबलांखाली लपवलेले हीटर नेहमी निघतात, तिथले लोकही गारठत असतात. दोन घरात लावले. तरी दाराच्या फटीतून कॉरिडॉरची हवा येत होती, म्हणून तिसरा, सगळ्यांत मोठा, कॉरिडॉरमध्ये दाराशेजारी भिंतीला टेकवून लावला. तासाभरात घरातल्या जाळ्या घोंगावायला लागल्या. थंडी वाढली. मी हीटर आणखी मोठा केला. थंडी आणखी वाढली.

शेजारचं दार उघडलं. सिस्टर कोटात उभ्या. हीटरकडे बघितलं, मग त्याच्या बरोबर वर असलेल्या थर्मोस्टॅटकडे.

"शेठ, कोणाला गरम करताय?"

"घराला. पोरगी लहान आहे."

"तुम्ही ह्या डबीला गरम करताय. तिला वाटतंय मजल्याला आग लागली. बिचारी जीव तोडून थंडी पाठवतेय." त्यांनी पायानंच हीटरचं बटण बंद केलं. आत गेल्या आणि फ्रोझन मटारची एक किलोची पिशवी घेऊन आल्या. दोन दोऱ्यांनी ती पेटीला बांधली, भोकांवर नीट बसवून. "आता हिला हुडहुडी भरू दे."

दहा मिनिटांत घोंगावणं थांबलं. पंधरा वर्षं मी माणसांना गंडवून माल विकतोय, आणि एका नर्सनं मटार दाखवून मशीन गंडवलं. मला राग आला. खरं सांगायचं तर तो आनंदाचाही राग होता.

"यंत्राशी भांडायचं नाही," त्या म्हणाल्या. "त्याला वाटलं पाहिजे की आपलं काम झालं."

पिशवी दोन तासांत वितळायची. म्हणून चारही घरांच्या फ्रीझरमध्ये पिशव्या ठेवल्या आणि पाळ्या लावल्या. माझ्या बायकोनं एकदा त्यातलेच मटार भाताला काढले तर सिस्टर स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "ते परत ठेव. ते खायचे नाहीत. ते ड्यूटीवर आहेत." खाली पाण्याचं थारोळं व्हायचं ते वॉचमन पुसायचा आणि वर बघायचा नाही.

पण मटारांनी थंडी थांबायची, ऊब यायची नाही. भिंती आणि फरशी गारच होत्या. मुलगी दूध ओढता ओढता झोपी जायची. चौथ्या दिवशी सिस्टरांनी स्वतःच्या वजनकाट्यावर तिला ठेवलं. वीस ग्रॅम उतरली होती. माझी बायको रडायला लागली. तिची आई व्हिसाच्या घोळात तिकडेच अडकली होती. शेक नाही, शेगडी नाही, काही नाही. मी कोणावर तरी ओरडण्यासाठी फोन शोधत होतो.

सिस्टर म्हणाल्या, "बाळंतिणीला झोपू दे. शेठ, तुम्ही शर्ट काढा."

"काय?"

"शर्ट काढा आणि जिन्यात चला. रागीट माणसं गरम असतात. आज उपयोगाला या."

त्यांच्या खुर्चीवर त्यांनी मला बसवलं, पाठ तापलेल्या भिंतीला. मुलीचे कपडे काढले, फक्त लंगोट आणि टोपी ठेवली आणि तिला माझ्या उघड्या छातीवर पालथी झोपवली, बेडकासारखी. वरून स्वतःचा कोट घातला आणि बटणं लावली, फक्त तिचं तोंड बाहेर. "आता हलायचं नाही. बोलायचं तर हळू. आवाज चढवलात की छाती हलते, ती दचकते, आणि दचकली की जमवलेलं खर्च होतं. वॉर्डात आम्ही बापांनाच बसवायचो."

"किती वेळ?"

"अडीच किलो होईपर्यंत."

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. धंदा मी जिन्यातून केला, फोनवर, कुजबुजत. गिऱ्हाइकांना वाटलं मी आजारी आहे. एका माणसाला चाळीस खुर्च्या मी इतक्या हळू आवाजात विकल्या की त्याला तो शेवटचा भाव वाटला, त्यानं घासलंच नाही. सिस्टर पायरीवर बसून चहा प्यायच्या आणि ऐकायच्या. "बघा," म्हणायच्या, "ओरडण्यात किती नुकसान केलंत आजवर."

कोटाला जुन्या लोकरीचा आणि डेटॉलचा वास होता. छातीवर ते दोन किलोंचं जिवंत ओझं श्वास घ्यायचं, मधेच थांबायचं, माझाही थांबायचा, मग परत सुरू व्हायचं. वजन चढायला लागलं. पंधरा ग्रॅम, वीस ग्रॅम, एकदा पस्तीस. मी मोठमोठे सौदे केलेत, पण त्या पस्तीस ग्रॅमचा आकडा अजून पाठ आहे.

आता माझ्या भांडणाचं सांगतो.

नोव्हेंबरची वीस-बावीस तारीख असेल, दुपारचे चार. मी जिन्यात, छातीवर पोर, वजन दोन किलो तीनशे. पिशवी वितळली तर दिसावी म्हणून जिन्याचं दार चपलेनं अडवून उघडं ठेवलं होतं, कॉरिडॉर सगळा दिसत होता. लिफ्ट उघडली आणि मफलरवाला मॅनेजर बाहेर आला. कोणीतरी सांगितलं असणार, अकराव्या मजल्याचं यंत्र तीन आठवडे कमी चालतंय. त्यानं दोरा सोडला आणि ठिबकणारी पिशवी दोन बोटांत धरून उभा राहिला.

"ये किसका है?"

दारं उघडली. फटीएवढीच. सगळ्यांचे करार वर्षाचे, सगळ्यांचं नूतनीकरण त्याच्या हातात. मी उठायला लागलो. माझं घर, माझी पोर, माझे मटार. माझ्या गळ्यात तयार वाक्यांची रांग लागली होती. सिस्टर माझ्या शेजारच्या पायरीवर होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला.

"झोपलीय ती. बसा."

"सिस्टर, सोडा मला."

"आवाज," त्या म्हणाल्या.

मी आवाज गिळला. त्या उठल्या, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि कॉरिडॉरमध्ये गेल्या.

"मेरा है. ग्यारह सौ दो."

मॅनेजरनं पिशवी खाली धरली. सोळा वर्षांची भाडेकरू. "सिस्टर, अगले महीने आपका रिन्यूअल है."

"मालूम है."

"फिर ऐसा काम?"

"आप मेरा रिन्यूअल देखो. मैं बच्ची का वजन देखती हूँ."

तो पिशवी घेऊन गेला. सिस्टरांनी फ्रीझरमधून दुसरी काढून बांधली. दोन-तीन दिवसांत त्यांना कागद आला: करार पुढे चालू राहणार नाही.

मी तयारीला लागलो. मॅनेजरला काय हवं, मालकाला काय हवं, कोणत्या बाजूनं जायचं, सगळं मनात मांडलं. सिस्टरांना म्हटलं, हे माझ्यावर सोडा, उद्या जाऊन मिटवून येतो.

"माझ्या वतीनं घासाघीस करायची नाही," त्या म्हणाल्या.

"का? माझं तेच काम आहे."

"म्हणूनच. तुम्ही माझं घर परत आणाल आणि बदल्यात मटार देऊन याल. अजून दीडशे ग्रॅम बाकी आहेत."

 मनात मी खरंच तोच सौदा मांडला होता. मटार बंद, घर चालू. एक डिसेंबरला आठच दिवस होते, आठ दिवस कसेबसे निघतील, असा हिशेब होता. त्यांनी तो माझ्या तोंडावर वाचला. आणि तरीही मी आज म्हणतो, मी दोन्ही मिळवलं असतं. आधी कमी मागितलं असतं, मग रागावून उठलो असतो, दारातून परत बोलावून घेतलं असतं. मला ते येतं. एकदा संधी तरी द्यायची. मला पोरीखाली दाबून बसवलं, माझा आवाज काढून घेतला, आणि माझ्या जागी स्वतः उभ्या राहिल्या. लोक याला त्याग म्हणतात. मी म्हणतो, मला विचारलं नाही.

दिवस कधी सरतात कळत नाही. डिसेंबरच्या मध्यावर त्या वेंगुर्ल्याला भावाकडे जायला निघाल्या. मुलगी तोवर अडीच किलो ओलांडून गेली होती आणि जोरात रडायला शिकली होती. सिस्टरांचं सामान विकायला मीच घेतलं. कपाट, पलंग, तो वजनकाटा सोडून सगळं. मी विचारलं, "वेंगुर्ल्याला थंडी सोसेल का?"

"तिकडे थंडी घराबाहेर असते. ती चालते."

शेवटी कोट राहिला. मला तो हवा होता आणि हवा आहे हे दाखवायचं नव्हतं. सवयीनं मी तो उलटापालटा केला. म्हटलं, "जुना आहे. अस्तर गेलंय."

त्या हसल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना तोंडभर हसताना पाहिलं. "अस्तर तुमच्याच घामानं गेलंय, शेठ."

"बोला, किती?"

"हा विकायचा नाही. ड्यूटी बदलतेय, म्हणून देतेय."

फोन मी वर्षातून एकदा करतो, नळ फिरले की. "सिस्टर, नळ फिरले." त्या हवापाण्याचं विचारत नाहीत, धंद्याचं विचारत नाहीत. "वजन किती?" एवढंच. यंदा सांगितलं, एकोणीस किलो. "आणि तुमचा राग?" "आहे तेवढाच." "बरं आहे," म्हणाल्या. मग त्यांचा फोन त्यांच्या भावानं घेतला, कारण त्या गच्चीवरचं वाळवण उचलायला गेल्या होत्या.

अकराशे दोनमध्ये आता एक तरुण अकाउंटंट राहतो. साताऱ्याकडचा, बायको, आणि गुडघे धरलेली आई. नोव्हेंबर लागल्यावर ती म्हातारी बाई दोन शाली गुंडाळून भिंत धरून चालायची. मी त्याला काही समजावलं नाही. एक पिशवी नेऊन पेटीला बांधली आणि माझ्या मुलीला पाळ्यांचा कागद लिहायला बसवलं. ती इंग्रजी शाळेत आहे. तिनं प्रत्येक दाराचा नंबर लिहिला आणि वर मोठ्या अक्षरांत 'पीज ऑन ड्यूटी'. कोणी शिकवलं होतं कोण जाणे, बायकोनंच सांगितलं असेल.

गेल्या आठवड्यात त्या मुलाच्या हातात कागद आला. तोच कागद, तीच भाषा. म्हातारी रडत होती की माझ्या गुडघ्यांपायी पोराचं घर जातंय. तो मुलगा मला म्हणाला, "काका, मी पिशवी काढून टाकतो आणि माफी मागतो."

"पिशवी राहील," मी म्हटलं. "तू ऑफिसला जा."

मी कपाटातून कोट काढला. बाहेर एकतीस डिग्री होतं. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

"बाबा, आर यू गोइंग टू शाउट?"

"बघू."

मॅनेजर तोच आहे. मफलर तोच, केस पांढरे. ऑफिसात थंडी जास्तच. त्यानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग कोटाकडे बघत राहिला.

"ये तो सिस्टर का कोट है."

"हां," मी म्हटलं. "और मटर मेरा है. इस बार भी, उस बार भी."

त्यानं बसायला सांगितलं. मी बसलो नाही. कोटाची बटणं गळ्यापासून एकेक करून सोडली, सावकाश, शेवटच्यापर्यंत. या खेपेला माझ्या छातीवर कोणी झोपलेलं नव्हतं.